नानांच्या बागेत न ठेवलेली पेटी

निर्मला गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, माझ्या घरी, तिचीच वाट पाहत होते. ती माहेरी, फैजपूरजवळच्या गावी गेली होती आणि दुपारच्या बसने परतणार होती. फोनवर तिचा चुलतभाऊ होता. "बाई, निर्मलाताई सकाळी चहा पिता पिता गेली," एवढेच तो म्हणाला. मी विचारले, "डॉक्टर आले होते का?" शाळेत विज्ञान शिकवण्यात जन्म गेल्यामुळे असेल, पण दुःखाआधी मला प्रश्नच सुचला. "आले होते. हृदय थांबलं म्हणे." या गोष्टीला आता काही आठवडे झाले. तिची उणीव भासते, तरी तिची आठवण आली की मनात पहिल्यांदा समाधानच उमटते, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. काही माणसांचे आयुष्य नीट सोडवलेल्या उदाहरणासारखे असते; उत्तराखाली दोन रेघा ओढता येतात.

आमची ओळख धुळ्याच्या कॉलेजातली. मी पारोळ्याकडची, ती केळीच्या पट्ट्यातली. भाड्याच्या एका खोलीत आम्ही तीन वर्षे काढली. 'मला' म्हणायला माझ्या बोलीत 'माले', तिच्या बोलीत 'मले'. त्यावरून मी तिला चिडवू लागले की ती म्हणायची, "एका कान्याचा तर फरक आहे. तो तुझ्याकडे ठेव आणि मला चहा दे." पुढे मी शाळेत शिक्षिका झाले आणि ती त्याच शहरातल्या एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवू लागली. तिच्या प्रयोगशाळेची खोली लहान होती. उन्हाळ्यात वीज गेली की ती आधी शीतकपाटाकडे धावे आणि मग पंख्याकडे पाही. त्या शीतकपाटात, करंगळीच्या पेराएवढ्या कुप्यांमध्ये, तिच्या अनेक वर्षांच्या कामाचा विषय होता : फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन.

हे प्रथिन म्हणजे काय, ते वाचकांना थोडक्यात सांगायला हवे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर बारीक खुंट्यांसारखी प्रथिने असतात. त्यांतल्या एका प्रकारच्या खुंटीने तो आपल्या पेशीला धरतो. शास्त्रज्ञ ती एक खुंटी कशी बनवायची याची जनुकांतली कृती तेवढी घेतात आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना देतात. त्या पेशी विषाणू तयार करत नाहीत. फक्त ती खुंटी तयार करतात. अशा प्रथिनाला पुनर्संयोजित प्रथिन म्हणतात. ते कोणाला आजारी पाडू शकत नाही. मात्र आपल्या रक्तात फ्लूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, असतील तर ती या खुंटीला येऊन चिकटतात. निर्मलाला याच गुणावर एक स्वस्त चाचणी बसवायची होती : लस घेतल्यावर खेड्यातल्या वृद्धांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे तयार होतात की नाही, हे तालुक्याच्या ठिकाणी तपासता येईल अशी. त्यासाठी वृद्धांचे रक्ताचे नमुने हवे होते. रीतसर परवानगी मिळाली, आरोग्य केंद्राचे डॉक्टर तयार झाले आणि तिने हक्काचे म्हणून स्वतःचे गाव निवडले. तिथे नकार मिळाला तर दुसऱ्या गावात कोणत्या तोंडाने जाणार, असे ती मला म्हणाली होती. काम तिथेच थांबले असते.

आणि नकार मिळण्याचीच वेळ आली. निर्मलाचा स्वभाव असा की वस्तू दाखवल्याशिवाय समजावणे तिला पटत नसे. म्हणून तिने थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून प्रथिनाची एक कुपी गावी नेली. सोबतीला मीही गेले. पेटीवर ते प्रथिन बनवणाऱ्या कंपनीचे इंग्रजी लेबल होते. कोणीतरी त्यातला एकच शब्द वाचला आणि तो आमच्या आधी, जिथे गावाची बैठक ठरली होती त्या शेतकरी सोसायटीच्या हॉलमध्ये पोहोचला : व्हायरस. इतरत्र या शब्दाने लोकांनी नाकाला रुमाल लावला असता. केळीच्या पट्ट्यात व्हायरस म्हणजे केळीवरचा रोग. त्या हंगामात शिवारात तो येऊन गेला होता आणि लोकांनी हाताने लावलेली रोपे हाताने उपटून पुरली होती. हॉलमध्ये कोणालाच स्वतःच्या तब्येतीची काळजी नव्हती. सगळे बागांसाठी जमले होते.

"काबरं व निर्मला," पुढच्या खुर्चीवरच्या एका शेतकऱ्याने सुरुवात केली, "आम्ही रोपं उपटू उपटू थकलो, अन् तू डब्यात घालून व्हायरस आन्ला?"

"भाऊ, हा केळीचा नाही, माणसाचा. अन् पुरा व्हायरसबी नाही, त्याच्या वरची एक खुंटी हाये फक्त."

"आज खुंटी आन्ली, उद्या गाय बांधशीन!" मागून आवाज आला आणि हॉल हसला. निर्मलाही हसली, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले. तेव्हा तिचे काका, ज्यांना सारे गाव नाना म्हणते, काठी टेकत उठले. त्यांची बाग गावात नावाजलेली. "हे पाहा," ते म्हणाले, "वाद नको. ती पेटी महिनाभर माह्या बगीच्यात ठेवा. रोग आला तं माह्या केळीले यीन. नाही आला, तं साऱ्यांनी मुकाट्यानं रक्त द्या."

लोकांनी माना डोलावल्या. मला वाटले, सुटलो. निर्मलाने "बरं" एवढा एक शब्द उच्चारायचा होता. ती म्हणाली, "नाही नाना. पेटी मी बगीच्यात ठेवनार नाही."

"पाह्यलं? घाबरली!" मागचा तोच आवाज.

"घाबरली नाही. उद्या काकडीच्या वावरातून मावा उडून आला अन् नानांचे पानं पिवळे पडले, तं तुम्ही माह्या पेटीले नाव ठेवसान. नाही पडले, तं म्हनसान निर्मला खरी. दोन्हीबी खोटंच. पेटीनं काय केलं, ते त्यातून कळतच नाही. ज्यातून काही कळत नाही, तो प्रयोग मी माह्या फायद्यासाठीबी करनार नाही. तुम्हाले विचारायचं ते विचारा, सांज होऊ द्या. पटलं तं रक्त द्या, नाही तं मी जाते."

मावा ही बारीक कीड काकडीवरून केळीवर हा रोग आणते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते. त्यामुळे तिचा मुद्दा त्यांना माझ्याहून लवकर उमगला असावा. "हे तं वकिलावानी बोलते व," पुढचा शेतकरी पुटपुटला. "वकील असती तं पेटी ठेवून फी घेतली असती," असे म्हणून नानांनी रक्त द्यायला सदऱ्याची बाही वर केली. मग प्रश्न सुरू झाले आणि ते खरोखर सांजेपर्यंत चालले. काहींना पटले नाही, ते उठून गेले. निर्मलाने त्यांना नमस्कार केला, थांबवले नाही. उरलेल्यांनी नावे दिली.

चाचणी बसली. प्रथिनाचा थर दिलेल्या छोट्या खळग्यांत रक्ताचा द्रव घालायचा, मग एकामागून एक द्रावणे. प्रतिपिंडे असतील तर शेवटी पिवळा रंग येतो. नानांना निकाल सांगायला आम्ही दोघी गेलो होतो.

"माहं काय निंघालं?"

"पिवळं, नाना. चांगलं पिवळं."

"मंग पिकलो म्हन की!"

त्या दिवशी ती हसून हसून खाली बसली. पण निघताना पुन्हा मागे फिरली आणि त्यांना बजावून आली, की पिवळा रंग म्हणजे फ्लू होणारच नाही असे समजू नका. मी रस्त्यात तिला म्हटले, "अगं, खूश होते ते, राहू द्यायचं." ती म्हणाली, "खूशच आहेत. आता खरंही माहीत आहे." पुढे आणखी काही गावांनी तिला बोलावले. आज तिचे विद्यार्थी ती चाचणी करतात आणि लेबलाच्या शेजारी मराठी चिठ्ठी लावतात.

मागच्या आठवड्यात मी गावी जाऊन आले. नाना ओट्यावर खाटेवर बसले होते. आता त्यांना ऐकू कमी येते. त्या सकाळीच गावात लस देऊन झाली होती आणि ते दंड चोळत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "बाई, टोचून तं घेतलं. आता यंदा मले फ्लू होईन का नाही? पक्कं सांग."

घरात नुकतेच दुःख झालेले, समोर थकलेला माणूस. 'नाही होणार' हे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "पक्कं सांगता येत नाही, नाना. शक्यता कमी झाली, एवढंच खरं."

त्यांनी उशी उचलून मांडीवर घेतली, खाटेवर जागा केली आणि म्हणाले, "बस मंग. आमची निर्मला इठीच बसे."