दोन-दहाचा पाव्हणा

रहिमतपूरच्या पेठेत अख्तरबीचं बांगड्यांचं दुकान म्हणजे एक फळी, एक पाट आणि अख्तरबी. फळीवर बांगड्या, पाटावर गिऱ्हाईक, आणि उरलेली सगळी जागा अख्तरबीची. बांगडी भरायची तिची एक रीत होती. आधी साबणाच्या पाण्यानं हात मळायचा. मग विचारायचं, "सासू काय म्हणती?" बाई सांगायला तोंड उघडायची, तेवढ्यात बांगडी अंगठ्याच्या हाडावरनं सट्‌कन मनगटात. दुखलं हे कळायच्या आत बाईनं निम्मं घर सांगून टाकलेलं असायचं.

हा गुण प्रियदर्शनीनं हेरला. ती मूळची सांगलीची, पतसंस्थेच्या माडीवर चालणाऱ्या गावच्या छोट्या रेडिओ केंद्राची प्रमुख. बांगड्या भरायला म्हणून आली आणि आईलाही न सांगितलेलं अख्तरबीला सांगून बसली. घरी जाताना तिच्या डोक्यात आलं, मुलाखती घ्यायला हीच पाहिजे.

तेव्हापासनं दर गुरुवारी सकाळी अकराला थेट प्रक्षेपण, 'बसा की जरा'. लेखिका आली, चित्रकार आली, हळदीवर संशोधन करणारी आली. अख्तरबी माईकसमोरही बांगड्या भरता भरताच विचारायची, त्यामुळं सगळ्या भडाभडा बोलल्या आणि हातभर बांगड्या घालून गेल्या. अख्तरबीची शाळा चौथीत सुटली होती. विचारायचे प्रश्न मात्र सुटले नव्हते, ते साठत गेले होते. दुकानात सासूच्या पुढं कुणी जात नव्हतं. रेडिओवर तिला आभाळ निळं का हेसुद्धा विचारता आलं असतं, आणि समोरचा हसला नसता.

आणि मग रेडिओ केंद्राच्या समितीचे अध्यक्ष भाऊसो यांचं पत्र आलं. प्रियदर्शनीनं ते वाचून दाखवलं. "'मुलाखतीत सतत खळखळ ऐकू येते. येत्या गुरुवारी बांगडी वाजल्यास कार्यक्रम बंद करून त्या वेळेत पीकसल्ला लावावा.' चाची, या वेळी बांगड्या नाहीत म्हणजे नाहीत."

"आगं, या बारीला पाव्हणा बाप्या हाय. बाप्याला कोण बांगड्या भरतंय!"

पाव्हणा म्हणजे डॉक्टर उदयसिंह. मूळचे उंब्रजचे, घराणं पैलवानांचं, आणि स्वतः मुंग्यांचे शास्त्रज्ञ. ते दारातनं आत आले तसं अख्तरबीनं सवयीनं आधी मनगट बघितलं. बांगडीचं माप दोन-दहा! असला हात तिनं उभ्या जन्मात बघितला नव्हता.

लाल दिवा लागला.

"तर साहेब, मुंगी म्हंजी नेमकं काय?"

"मुंगी हा सामाजिक कीटक आहे," डॉक्टर म्हणाले आणि थांबले.

"बरं. आणि?"

"सहा पाय असतात."

"व्हय. आणि?"

डॉक्टरांनी घाम पुसला. कुस्तीच्या आखाड्यात न घाबरलेला माणूस माईकला घाबरला होता. काचेपलीकडनं प्रियदर्शनी हातानं 'बोला, बोला' करत होती. चार मिनिटं झाली. अख्तरबीनं मुंगीच्या मिशीपासनं पायापर्यंत सगळं विचारलं, उत्तर 'होय', नाहीतर 'नाही'. तिला पीकसल्ला ऐकू यायला लागला. हुमणी किडीचा बंदोबस्त, दर गुरुवारी, अकराला.

तिचा हात आपसूक पिशवीत गेला. सगळ्यात मोठी बांगडी निघाली दोन-आठची, हिरवी. तिनं मनाशी हिशेब केला. एकटी बांगडी कशावर वाजणार? तिनं टेबलावरच्या तांब्यातलं पाणी आणि पर्समधला साबणाचा तुकडा घेऊन डॉक्टरांचा डावा हात मळायला घेतला.

"आवं, हे काय करताय?" डॉक्टर कुजबुजले.

"रेडिओवर दिसत न्हाई," अख्तरबीही कुजबुजली. मग मोठ्यानं म्हणाली, "मुंग्या रांगंनंच का जात्यात वो?"

"त्याचं असं आहे की..."

सट्‌कन.

"आयायायाया! वास! वासामागं जातात! पुढचीनं जमिनीला वास लावायचा, मागचीनं हुंगत यायचं! मी तिसरीत असताना खिशात गुळाचा खडा नेला, तासाभरात अख्खी रांग चड्डीत! मास्तर म्हणाले नाच थांबव! तेव्हाच ठरवलं, ह्यांना पत्ता दिला कुणी, हे शोधायचंच!"

आता डॉक्टर थांबेनात. वारूळ, राणी, अंडी, सगळं सांगत सुटले. "आणि बाई, काम करणाऱ्या सगळ्या माद्या! नर काडीला हात लावत नाही."

"मंग बाप्ये करत्यात काय?"

"बसून खातात. एकदाच उडतात आणि मरतात."

"उडायचं सोडलं तर आमच्या हुसेनचंच वर्णन हाय की!"

दुकानावर बसलेल्या नवऱ्यानं, हुसेननं, रेडिओ बंद केला आणि लगेच परत लावला.

त्याच भरात डॉक्टरांनी राणी किती मोठी असते ते दाखवायला हात हवेत फिरवला. बाही मागं सरकली. तिच्याखाली त्याच मनगटात स्टीलचं घड्याळ होतं, हे अख्तरबीच्या हिशेबात आलंच नव्हतं.

खळ्ळ.

प्रियदर्शनीनं डोकं टेबलावर टेकलं. डॉक्टरांनी हात खाली घेतला. परत खळ्ळ. वर घेतला, खळ्ळ. उरलेली अठरा मिनिटं मुंग्या आणि खळखळ बरोबरीनं चालल्या.

लाल दिवा विझला आणि फोन वाजला. भाऊसो. प्रियदर्शनीनं तो स्पीकरवर टाकला.

"ती खळखळ..." भाऊसो म्हणाले.

"आवं साहेब, चूक माजी," अख्तरबी म्हणाली. "पोरीला बोलू नका."

"ऐका तरी! ती खळखळ सुरू झाली तशी आमची बायको विजयमाला पोळ्या तशाच टाकून रेडिओपाशी आली. त्याआधी पहिली पाच मिनिटं चुलीपासनंच म्हणत होती, पाव्हणा काय बोलंना, याला अजून बांगडी भरलेली दिसत न्हाई." भाऊसो खाकरले. "पत्र मागं घेतलं म्हणून समजा. आणि ते नर मुंगीचं जरा कमी करा. आमच्या घरात आज मला जेवाय वाढंनात."

अख्तरबी खुर्चीत मागं रेलली. पुढच्या गुरुवारी ग्रहताऱ्यांवाला येणार होता. आभाळाचा प्रश्न तिनं जपून ठेवला होता.

"चाची," डॉक्टर मनगट ओढत म्हणाले, "ही निघत नाही हो. दुपारी मला जतला कॉलेजात भाषण आहे."

"निघंल कशी? दोन-दहाच्या हातात दोन-आठ. आता वाढवायलाच लागंल." बांगडी 'फोडायची' असं तिच्या तोंडात कधी यायचं नाही.

डॉक्टरांनी बांगडीकडं बघितलं, मग माईककडं.

"राहू द्या," ते म्हणाले. "जतमध्ये पण माईक असणारच. घड्याळ तेवढं काढून ठेवतो."