बीएस्सीचा मेजर विषय आणि आमची काळी शेळी

बारावीला मला जीवशास्त्रात चांगले मार्क पडले होते, म्हणून बीएस्सीला जीवशास्त्रच घेणार असं मी घरात जाहीर करून टाकलं होतं. वसमतच्या कॉलेजात गेल्यावर कळलं, की तिथं जीवशास्त्र नावाचा विषयच नाही. बारावीपर्यंत एका पुस्तकात गुण्यागोविंदानं राहिलेले प्राणी आणि झाडं इथं वेगळी निघाली होती. जिन्याच्या डाव्या हाताला प्राणिशास्त्र, उजव्या हाताला वनस्पतिशास्त्र. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे त्यातला एक मेजर घ्यायचा, दुसरा मायनर घेता येतो, शिवाय कला किंवा वाणिज्य शाखेचा एक विषय आणि एक कौशल्याचा.

सोबत माझे वडील होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. त्यांचं गावातून निघतानाच ठरलं होतं.

"प्राण्याचं घे. घरी एवढी जितराबं हायेत. डॉक्टर वेळेवर येत न्हाई. तू शिकलीस म्हंजे तकलीफच मिटली."

माझं नेमकं उलटं होतं. मी शेळ्यामेंढ्यांतच वाढले. शाळेतून आलं की दप्तर ठेवायच्या आधी कोकरं मोकळी करायची. माझ्या वहीचा कोपरा बकरीनं खाल्ला हे गुरुजींना खरं वाटायचं नाही, म्हणून एकदा मी उरलेली वही चघळलेल्या कडेसकट नेऊन दाखवली होती. झाडं मला बरी वाटायची. ती ओरडत नाहीत, ठेवल्या जागी राहतात.

"मी झाडांचं घेणार," मी म्हणाले.

"काहून? झाडपाल्याचं काय शिकायचं? त्ये तर बकऱ्या खातेत."

विद्यार्थी घटले की प्राध्यापकांची पंचाईत होते, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं, की जिन्याच्या दोन्ही अंगांना एकेक टेबल मांडलंय, एकावर प्राणिशास्त्राचे सर आणि दुसऱ्यावर वनस्पतिशास्त्राच्या मॅडम बसल्यात, आणि आखाडा बाळापूरच्या बाजारात दुकानदार गिऱ्हाइकाकडे बघतात तसे दोघं आमच्याकडे बघतायत.

सरांनी आधी गाठलं. अप्पांना खुर्ची दिली, चहा मागवला. अप्पांनी चहा बशीत ओतला आणि थेट कामाचं बोलायला लागले.

"सर, आमची एक काळी शेळी हाय. चांगली दुभती. महिनाभर झाला, चालताना झोकांड्या खाऊन राहिली. दारू पिल्यावानी. मान हलवती. काय झालं असंल?"

सर म्हणाले, "काका, मी माशांचा माणूस आहे. सिद्धेश्वर धरणातल्या माशांवर माझा अभ्यास आहे."

"मग शेळीचं कोन बघतं इथं?"

"शेळीचं इथं कुणी बघत नाही. त्याला पशुवैद्यकीय लागतं. ते वेगळं कॉलेज."

अप्पांनी बशी खाली ठेवली. प्राण्यांच्या विभागात शेळीचं कुणी बघत नाही, हे त्यांना पचेना. ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू हा विभाग मीच उघडलाय.

समोरच्या टेबलावरून मॅडमनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "काका, शेळी चरायला कुठं जाते?"

"मायनरच्या कडंकडंनं." धरणाच्या मोठ्या कालव्यातून निघालेला छोटा कालवा आमच्या गावावरून जातो, त्याला सगळे मायनर म्हणतात.

"तिथं बेशरमाचं झुडूप आहे का?"

"लई हाय. पण बाई, बेशरमाला शेळी तोंड लावत न्हाई."

"सहसा नाही लावत. पण एकदा चटक लागली की ती दुसरं काही खात नाही, शोधून शोधून तेच खाते. त्यात विष असतं, ते हळूहळू डोक्यात चढतं. तुम्ही एक दिवस तिच्या मागं फिरून बघा."

अप्पा उठून मॅडमच्या टेबलाजवळ गेले. इकडे सरांना माझी दया आली असावी. किंवा निदान पोरगी तरी हातून जाऊ नये असं वाटलं असेल. ते मला आत प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरणाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला.

"बघ."

आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग एक काचेसारखा जीव दिसला. पाणपिसू, सर म्हणाले. त्याच्या आतलं सगळं आरपार दिसत होतं. पाठीशी काहीतरी फडफडत होतं.

"ते काय हलतंय, सर?"

"हृदय."

मी पुन्हा डोळा लावला. पोटात अंडीसुद्धा होती, गोल, नीट रचून ठेवल्यासारखी. हे पाणी आम्ही जन्मभर पीत होतो. मला किळस यायला पाहिजे होती, पण मी तिथून हलेना. शेवटी अप्पांनी दारातून हाक मारली, एसटी निघायची होती.

प्रवेश नक्की करायला दोन दिवसांनी यायचं होतं. मधल्या दिवशी अप्पा खरोखर त्या शेळीच्या मागं फिरले. शेळीला संशय येऊ नये म्हणून लांबलांबून, बाभळीच्या आडोशानं. दुपारी घरी आले ते दारातूनच मायला सांगत आले.

"चांगला हिरवा चारा सोडून गेली सरळ बेशरमात. मला बघून बी थांबली न्हाई."

शेळी त्याच दिवशी दावणीला बांधली आणि मॅडमचं स्थान आमच्या घरात फार वर गेलं. संध्याकाळी अप्पा मला म्हणाले, "तुझं बराबर होतं पोरी. झाडाचंच घे."

"अप्पा, मी प्राण्यांचं घेणार आहे."

माय भाकरी थापता थापता म्हणाली, "दोघं बी एकदमच बिघडले."

दुसऱ्या खेपेला आमचं भांडण एसटीत चालू झालं आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत चाललं. दोन्ही टेबलांवरचे दोघंही ऐकून न ऐकल्यासारखं करत कागद लावत बसले. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "तिला प्राणिशास्त्र मेजर घेऊ द्या, वनस्पतिशास्त्र मायनर."

"मायनर?" अप्पा सावध झाले. "म्हंजे?"

मी म्हणाले, "मेजर म्हणजे मोठा कालवा. मायनर म्हणजे त्यातून निघालेला."

अप्पांनी मान हलवली. "मग न्हाई. मायनरला पाणी उरलंसुरलं येतं. अन् शेवटाला तर येतच न्हाई. आमची जमीन शेवटाला हाय, मला ठावं हाय."

"काका," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "माझ्या मायनरला पाणी येतं."

समोरचे सर हसले, मग खोकल्यासारखं केलं. अप्पांनी थोडा विचार केला आणि मला पेन दिलं.

दुसऱ्या शाखेचा विषय अप्पांनीच निवडला. यादीत लोकप्रशासन होतं, त्यामुळे तहसीलची कामं सुटतील असं त्यांना वाटलं. अजून सुटलेली नाहीत. शेळी मात्र महिन्याभरात नीट चालायला लागली, आणि तेव्हापासून अप्पा मॅडमना फोन करतात. कधी हळदीच्या पानांवरच्या डागांसाठी, कधी नुसतंच. मॅडम तासाला हजेरी घेताना माझा नंबर आला की थांबतात आणि म्हणतात, "अप्पांना सांग, फवारणी सकाळी करा." सगळा वर्ग माझ्याकडे बघतो.

कौशल्याचा विषय म्हणून मी गांडूळखत घेतलं, कारण ते सरांकडे होतं. घरामागं खड्डा केला, शेण-पालापाचोळा घातला, कॉलेजातून आणलेली गांडुळं सोडली. आठवड्यानं सरांनी फोटो मागितला, म्हणून मी खड्ड्याजवळ गेले तर आमच्या कोंबड्या त्यात पाय झाडत होत्या.

"सर, प्रकल्प कोंबड्यांनी खाल्ला," मी सांगितलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. "सगळा?"

"बहुतेक."

"ठीक आहे. जे झालं ते तसंच लिही. आणि पुन्हा कर."

पुन्हा केलं. या वेळी मायनं वरून जुनी मच्छरदाणी बांधून दिली, चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. गावातली माणसं येता-जाता विचारायची, आत कोण झोपलंय. पावसाळा संपता संपता चांगलं काळं, भुसभुशीत खत निघालं. सरांना दाखवण्यापुरतं डब्यात भरून मी एसटीनं वसमतला नेलं, बाकीचं मायनं वांग्यांना घातलं.