खिशाची चूण

इनास मेस्त गेल्याचं मला मासळीबाजारात कळलं. सकाळची वेळ, मी बांगडे उलटेसुलटे करून बघत उभा, आणि मासेवाली म्हणाली, "मास्तरांनू, तुम्ही हंय कशे? मेस्ताक इगर्जीत नेल्यानी मां!" पिशवी तिथेच टाकून मी धावत सुटलो. पोचलो तेव्हा चर्चमध्ये पाद्रीबाबांची प्रार्थना संपत आली होती. मेस्ताच्या अंगात त्यानं स्वतः शिवलेला काळा कोट होता आणि कोटाच्या दोन्ही खिशांना मधोमध त्याची ती ठरलेली चूण होती, इस्त्री करून बसवलेली. मला त्या खिशांकडे बघवेना. मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

त्याच्या तीन आठवडे आधी त्याच्या बायकोनं, कात्रीनबायनं, मला रस्त्यात गाठून निरोप दिला होता. "मेस्त हांथरुणार आसत. मास्तराक सांग म्हणतत, फुरसत मेळात तेव्हा येऊन जा, तुझा कायतरी माझ्याकडे आसा." मी "येतंय" म्हटलं आणि गेलो नाही. शाळेची तपासणी आहे असं स्वतःला बजावलं. तपासणी दोन दिवसांत आटोपली. शाळेपासून त्याचं दुकान पाच मिनिटांवर. मी चक्क रस्ता बदलून घरी जात होतो! आता त्याला जाऊन महिना व्हायला आला, त्याच्या महिन्याच्या मिस्सेला, त्या प्रार्थनेला, मी पहिल्या बाकावर जाऊन बसेन, पण त्याचा काय उपयोग आहे, सांगा.

इनास माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आमच्याच वाडीतला. तो मला "मास्तरा" म्हणायचा, मी त्याला "मेस्ता"; आमच्याकडे शिंप्याला मेस्त म्हणतात. लढाईत तो पलटणीबरोबर शिंपी म्हणून गेला. बंदूक त्याच्या हाती कधी आली नाही, पण आफ्रिकेच्या वाळवंटात पलटण सापडली तेव्हा जर्मनांनी कात्रीवाला आणि बंदूकवाला असा भेद केला नाही. पुढची सगळी लढाई त्यानं कैदेत काढली, आधी इटलीत आणि मग जर्मनीत. तिथल्या छावणीत त्याला शिवणखात्यात बसवलं. पहारेकऱ्यांचे आणि आजूबाजूच्या शिपायांचे फाटके कोट त्याच्या पुढ्यात येऊन पडत. परत आला तेव्हा त्याला जर्मन भाषेतले दहा शब्दही येत नव्हते, पण जर्मन कोट मात्र आतूनबाहेरून पाठ होता.

आमच्या भागात लढाईवरून आलेल्यांच्या ट्रंकांत फोटो असायचे. कुणी इटलीत उचललेले, कुणी मेलेल्या जर्मनाच्या पाकिटातून काढलेले. हे लोक कोण, कुठल्या पलटणीचे, कुणालाच ठाऊक नसे. मग देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे माजी शिपाई ते फोटो घेऊन मेस्ताच्या दुकानात येऊन बसत. मेस्त मशीन थांबवी, खणातून भिंग काढी आणि एका डोळ्यानं बघत बोलू लागे. "ह्यो डोंगरातलो शिपाय. टोपयेर बाजूक फूल बघ... ह्यो विमानदलातलो. छातयेवरची घार बघ, पंख तिरके. पायदळाची घार पंख सरळ धरता... हेच्या खांद्यावर आकडो होतो, तो उसवून काढलो हा, थंय कापड काळा दिसता." एकदा एकानं विचारलं, खांद्याच्या पट्टीची किनार लाल का पांढरी? मेस्त उखडला. "फोटो काळो, आणि मी तुका लाल सांगू? दिसात तितक्याच सांगतलय." जे दिसत नाही ते तो कधी बोलायचा नाही. म्हणून तर लोक एवढ्या लांबून यायचे.

त्यातही त्याची आवडती गोष्ट खिशाची. लढाईच्या सुरुवातीच्या जर्मन कोटाला चार खिसे, प्रत्येकाला मधोमध चूण, कॉलर कोटाहून गडद. पुढे कॉलर कोटाच्याच रंगाची झाली. मग चुणी गेल्या. अगदी शेवटी तर कोटच कमरेवर आला आणि खालचे दोन खिसेही गेले. "कापड संपत इला काय पयली खिशाची चूण जाता, मास्तरा," तो सांगायचा. "चूण म्हणजे खिशाक जागा. ती गेली काय समजाचा, ह्यांचा आता खरा नाय." आणि हे सांगणारा माणूस स्वतः शिवलेल्या प्रत्येक कोटाला चूण घालायचाच. दुसरी त्याची रीत अशी की गिऱ्हाईकाचं उरलेलं कापड, अगदी बोटभर चिंधीसुद्धा, गुंडाळून कपड्याबरोबर परत द्यायचा. बाजारात त्याची चेष्टा व्हायची. तो म्हणायचा, "माझा नाय ता माझ्याकडे कित्या?"

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. उगाच घोळ घालत बसलो आहे.

माझी धाकटी बहीण शांता. तिचा नवरा गोविंद त्याच वाळवंटात बेपत्ता झाला. लढाईच्या मध्यावर सरकारी पत्र आलं, मृत समजण्यात येत आहे. शांता बावीस वर्षांची होती. ती माझ्याकडे परत आली आणि माझ्या मुलांची दुसरी आई होऊन राहिली. लढाई संपून सात-आठ वर्षं झाली तेव्हा वालावलीचे एक विधुर शिक्षक, माझ्या ओळखीचे, स्वतः होऊन विचारायला आले. विधवेचं लग्न म्हणजे आमच्या भावकीत केवढा गहजब! मी सगळ्यांशी भांडलो. शांता वर्षभर नाही नाही म्हणत होती, शेवटी हो म्हणाली. लग्न महिन्यावर आलं. आणि कणकवलीकडची एक बाई फोटो घेऊन दारात उभी राहिली.

तिचा नवरा नुकताच वारला होता, तोही कैदेतून आलेला. त्याच्या ट्रंकेत फोटो निघाला. काटेरी कुंपणापाशी तीन माणसं, मागे बर्फ. एक तिचा नवरा, एक आमचा गोविंद, आणि कडेला म्हातारा जर्मन पहारेकरी. पाठीमागे पेन्सिलीनं दोन नावं, बस. दार शांतानंच उघडलं होतं, त्यामुळे लपवायचा प्रश्नच नव्हता. तिनं फोटो हातात घेतला आणि भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "दादा, ह्यो फोटो कधीचो? त्या पत्राच्या आधीचो काय नंतरचो?" मला काय कळणार! ती म्हणाली, "मेस्ताक दाखव. मेस्त सांगात ता मी मानीन."

मी एकटाच गेलो. मेस्तानं भिंग लावलं आणि पहारेकऱ्याकडे बघितलं. त्याला बोलायला एक मिनिटही लागलं नाही. "आखूड कोट. वरती दोन खिशे, चूण नाय. पहारेकऱ्यांक नेहमी जुनाच देयत मास्तरा, आणि हेका ह्यो नवो आखूड मेळालो हा, म्हणजे जुने संपले. ह्यो शेवटचो हिंवाळो." मग तो फोटो खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. त्यालाही कळलं होतं. गोविंद मेला असं सरकारनं लिहिलं, त्यानंतर दोन हिवाळे गोविंद जिवंत होता.

मी काय केलं ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हटलं, मेस्ता, शांतेला सांग हा सुरुवातीचा फोटो आहे. तो म्हणाला, "ता माझ्यान व्हवचा नाय." मी म्हटलं, अरे, जिवंत असता तर इतक्या वर्षांत आला नसता का? शेवटच्या धामधुमीत गेला असेल. पण हिला कळलं तर ही लग्न मोडेल आणि जन्मभर दाराकडे डोळे लावून बसेल. मी हात जोडले. शेवटी नको ते बोललो... "तुला आमच्या घरातलं काय कळतंय, तू आपली शिलाई बघ!" तीस वर्षं जुन्या मित्राला मी हे म्हटलं. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "इचार तिका, मास्तरा. तिचो घोव, तिचो जीव. तिका इचार."

दुसऱ्या दिवशी शांताला घेऊन मी दुकानात गेलो. मेस्तानं फोटो पुन्हा भिंगाखाली धरला, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. शांता उभीच होती. तो फोटोवरून डोळे न उचलता म्हणाला, "सुरवातीचो गो बाय. पत्राच्या आधीचो." शांतानं पदर डोळ्यांना लावला आणि मान हलवली. त्यानं भिंग खणात टाकलं आणि खण लावून घेतला. मला हायसं वाटलं हो! लाज वाटायला हवी होती, पण त्या क्षणी फक्त हायसं वाटलं.

त्यानंतर मेस्तानं एकही फोटो बघितला नाही. लोक येत, तो म्हणे, "आता डोळ्यांनी दिसणा नाय." लोकांना ते खरंच वाटलं, हळूहळू येईनासे झाले. मी मात्र समोर बसून बघत होतो, तो चष्म्यावाचून सुईत दोरा ओवत होता.

लग्नासाठी मी त्याच्याकडे कोट टाकला. कापड मी त्यानं सांगितलं त्याहून अर्धा वार जास्त आणलं होतं, कारण मास्तराच्या खिशात खडू, चष्मा, पेनं, सगळा बाजार असतो. कोट आला तो खिशांना चूण नाही, दोन्ही सपाट. बरोबर चिंध्यांची गुंडाळीही नाही. मी म्हटलं, "मेस्ता, चुणी रे?" तो बटण लावत म्हणाला, "कापड कमी पडला, मास्तरा." मी पुढे काही विचारलं नाही. खरं तर मला तेव्हाच समजायला हवं होतं. समजलंही असेल, पण मी समजून घेतलं नाही. तोच कोट मी पंधरा वर्षं घालतो आहे. आमचं बोलणं तुटलं नाही, चहा होत होता, एकमेकांच्या नातवंडांची चौकशी होत होती. पण शांताचं नाव त्यानं माझ्यापाशी पुन्हा काढलं नाही, आणि त्यानं काढू नये म्हणून मीही दोन मिनिटांत उठायचो.

दफन झाल्यावर चौथ्या दिवशी मी कात्रीनबायकडे गेलो. तिनं मला ओसरीवर बसवलं. आतून वर्तमानपत्रात बांधलेली पुडी आणून माझ्या हातावर ठेवली. आत माझ्या कोटाचं कापड. एक मोठा तुकडा, आणि त्यावर दोन अरुंद पट्ट्या, प्रत्येकीची मधोमध घडी घालून इस्त्री केलेली. चुणी कापून, बसवून तयार होत्या. त्यानं फक्त त्या शिवल्या नव्हत्या. "सगळ्यांची कापडा परत गेली," कात्रीनबाय म्हणाली, "एक ह्याच ऱ्हवला होता. मरणाच्या आधी दोन वेळा इचारल्यानी, मास्तर येवन गेलो काय?" मी तिच्या ओसरीवर बसून रडलो. साठीच्या माणसानं रडावं तसं नव्हे, पोरासारखा.

गेल्या रविवारी वालावलीला गेलो. शांताचा संसार चांगला झाला आहे, दोन मुली आहेत, माणूस देवासारखा भेटला. या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत आलो. मी तिला परसात नेलं, लग्नापासून माझ्याकडेच राहिलेला फोटो आणि पुडी तिच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. फोटो उचलून ती गोविंदकडे बघत म्हणाली, "केवढो बारीक झाललो..." मग माझ्याकडे वळली. "दादा, माका इचारूक व्हया होता. कदाचित मी होयच म्हटला असता. पण ता माझा मी म्हटला असता." मी म्हटलं, शांते, चुकलो. ती म्हणाली, "मेस्ताक सांगलंस ह्या, चुकलंय म्हणान?" मी मान हलवली, नाही. ती म्हणाली, "मगे माका सांगान काय उपेग?" फोटो तिनं ठेवून घेतला. पुडी परत माझ्या हातात दिली. "ह्या तुझा. तू सांभाळ."

कोट आता माझ्या खोलीत खुंटीला आहे. काल ते कापड घडी करून त्याच्या खिशात ठेवू गेलो, म्हटलं तिथेच राहू दे. घडी आत सरकली, पण सपाट खिसा फुगला आणि वरची पट्टी बटणापर्यंत पोचेना. काढून पुन्हा घडी घातली, आणखी बारीक, आणखी दाबून. तरी बटण लागत नाही.