दुबईच्या साबणाचं वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या कोपरीच्या चाळीत सगळ्यांत जास्त बायका आमच्याकडे यायच्या, आणि त्या काही आईच्या तिळाच्या लाडवांसाठी येत नसत. ते लाडू फोडायला बत्ता लागायचा. बायका यायच्या वाणासाठी. इतर घरी प्लास्टिकची गाळणी नाहीतर कंगवा मिळे. आई मात्र प्रत्येकीच्या हातात दुबईच्या हॉटेलातला साबण ठेवायची. काडेपेटीएवढी वडी, वर पांढरा गुळगुळीत कागद, त्यावर सोनेरी मुकुट. "ह्यांच्या हॉटेलातला," एवढंच ती म्हणायची आणि पदर सारखा करायची.

बाबा तिथल्या एका मोठ्या हॉटेलात खोल्या साफ करायचे. आई सांगताना "हाउसकीपिंगला आहेत" असं सांगे, आणि पुढे काही विचारण्याइतकं इंग्रजी ऐंशीच्या दशकात आमच्या चाळीत कुणाकडे नव्हतं. दोन वर्षांनी एकदा ते यायचे. बॅगेत खजूर, दुधाची पावडर आणि अगदी तळाशी दोन संक्रांतींना पुरतील एवढे साबण. घरात आम्ही त्यातला एकही कधी वापरला नाही. मी एकदा कागद सोडवायला गेले तर आईने हातावर फटका दिला. "सवाष्णींचं आहे ते. शिवू नकोस."

त्या हॉटेलचं एक पोस्टकार्ड आईने कपाटाच्या काचेला आतून चिकटवलेलं. निळंशार पाणी आणि काठावर पांढरी इमारत. परत निघताना बाबा दरवेळी आईला म्हणायचे, "एकदा तुला दाखवीन." अकरा वर्षं म्हणाले. मग कायमचे परत आले आणि ते बोलायचंही बंद झालं. गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि समोरच्या दोरीवरचे कपडे बघत. कुणी चादर वेडीवाकडी वाळत घातली की उठून सरळ करून येत.

आई विसरली नव्हती. एकदा भाजी निवडताना मला म्हणाली, "मला तिथं एक दिवस राहायचंय गं. एवढी वर्षं मी इथं एकटीने काढली ना, ती कशासाठी ते एकदा बघायचंय." मी तेव्हा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत लागले होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि डोंबिवलीहून टूरवाले लोकांना भराभर दुबईला नेत होते. आईचं म्हणणं मी मनावर घेतलं. आज वाटतं, घेतलं नसतं तर बरं झालं असतं.

टूरचे बाकीचे लोक साध्या हॉटेलात उतरले. शेवटच्या दिवसासाठी आम्हा तिघांना मी बाबांच्या हॉटेलात खोली घेतली. दारावरच्या माणसाने काचेचं दार उघडलं तरी बाबा बाहेरच उभे. अकरा वर्षं ते मागच्या गेटने आत गेलेले. आईने त्यांच्या कोपराला धरून त्यांना आत आणलं. आत ती वर झुंबराकडे बघत राहिली आणि तिने डोळे पुसले. मला वाटलं, चला, जमलं आपल्याला.

सकाळी मी उठले तेव्हा बाबांनी त्यांच्या पलंगाची चादर ताणून बसवली होती आणि ते बाथरूममध्ये गुडघ्यांवर बसून टब पुसत होते.

"अहो, आज तुम्ही पाहुणे आहात," आई म्हणाली. "बसा की जरा माझ्याजवळ. तो समुद्र तरी बघा."

"बघतो. एवढं होऊ दे. येणाऱ्या माणसाला एकट्याने सगळा मजला करायचा असतो."

ते काही बसले नाहीत. समुद्र आईने एकटीनेच बघितला. मग ती उठली आणि बेसिनवरच्या साबणाच्या दोन नव्या वड्या रुमालात बांधायला लागली. संक्रांत पंधरा दिवसांवर आली होती.

"घे, घे," बाबा म्हणाले. "पाहुण्यांनी नेलं तर चालतं. आम्हाला नव्या वडीला हात लावायची सोय नव्हती."

"मग तुम्ही आणायचात ते?"

"ते लोकांनी एकदा हात धुवून टाकलेले असायचे. फेकूनच द्यायचे होते. मी वाळवून, कडा घासून पुन्हा कागदात घालायचो. कागद मात्र जपून ठेवलेले." त्यांच्या आवाजात अभिमान होता. "अकरा वर्षांत चोरीची एक वस्तू घरी आणली नाही मी."

आई पलंगाच्या कडेवर बसली. दुसऱ्याचा उष्टा घोट ती कधी घेत नसे, आणि कोण कुठल्या माणसाने वापरून टाकलेला साबण तिने हळदीकुंकू लावून बायकांच्या ओटीत घातला होता. तिने रुमाल सोडला, दोन्ही वड्या होत्या तिथे नेऊन ठेवल्या. ती भांडली असती तर बरं झालं असतं. मला बाबांचा राग आला आणि त्याहून जास्त माझा आला.

त्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू झालं नाही, नंतरही कधी झालं नाही. पोस्टकार्ड आईने काढलं. शेजारच्या काकूंकडे तेवढं जावं लागलं. कुंकू लावून झाल्यावर त्यांनी शोकेसमधून पांढऱ्या कागदातली एक वडी काढली. मुकुट फिका पडला होता.

"वहिनी, तुमचं पहिलं वाण. मी मेलीने कधी वापरलंच नाही, देवासारखं जपलंय. बघा, अजून वास येतो." त्यांनी ती आईच्या नाकाशी धरली. "तिकडे अजून हाच साबण देतात का हो?"

आईने वास घेतला.

"हो, हाच," ती म्हणाली.