एका अक्षराचा फरक

सुलभाताईंचं बोट पडद्यावरच्या दोन नावांमध्ये अडखळलं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, वीस वर्षं काम केलेली ही बाई. एका संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक चालवायला प्रोसेसर ज्या सोयी देतो, त्यांची ती नावं. दोहोंत फरक एका अक्षराचा. आदल्या आठवड्यात त्यांच्या हातून भलतीच सोय बंद झाली आणि सगळे आभासी संगणक ठप्प झाले. बैठकीत त्या मान खाली घालून बसल्या होत्या.

मी त्यांच्याच गटातली. कोडमधली ती दोन्ही नावं मी सरळ, पूर्ण शब्दांत लिहिली आणि बदल मंजुरीला पाठवला. बदल तपासणाऱ्या साहेबांनी तो परत केला.

"प्रोसेसरला नावानं काय फरक पडतो?"

"त्याला नाही पडत. वाचणाऱ्याला पडतो."

"जाणकारांना कळतात ही नावं."

"सुलभाताईंपेक्षा जाणकार कोण आहे इथे?"

तरी त्यांनी बदल घेतला नाही. मी पुन्हा पाठवला. कुणीतरी कधीकाळी घाईत लिहिलेलं नाव बाकीचे पाठ करतात, त्यालाच विद्वत्ता म्हणू लागतात, आणि जो अडखळतो तो अडाणी ठरतो. हे मला मान्य नव्हतं.

चौथ्यांदा पाठवला तेव्हा त्या बदलाखाली सुलभाताईंनी स्वतःच्या नावानिशी लिहिलं, "चूक माझी होती. नावं अशी असती, तर ती झाली नसती."

त्या दुपारी साहेबांनी बदल स्वीकारला. आम्ही दोघींनी लगेच पुढची फाईल उघडली. तिथं अशी अजून अकरा नावं होती.