वर भेटतलो मां

मालवणच्या मासळी बाजारात माझी बांगडेवाली ठरलेली आहे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. गळ्यात क्रूस, हातभर खवले. आम्ही दोघी एकाच पावसाळ्यात विधवा झालो.

यांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवलाच नाही. मी हात जोडून नाही नाही ती वचनं दिली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. यांची कसली इच्छा राहिली, हे मला अजून छळतं.

ती मात्र रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की नवऱ्याच्या थडग्यावर फुलं ठेवते आणि सोमवारी हसत बांगडे कापते.

"तुझ्या नवऱ्याचं काहीच राहून गेलं नाही?" मी एकदा विचारलं.

"रवला मां," ती म्हणाली. "माका गोव्याच्या फेस्ताच्या जत्रेक न्हेतंय म्हणालो, न्हेल्यान नाय. वर भेटतलो मां वैनी, तेव्हा इचारीन त्येका."

माझा जळफळाट झाला. हिला भांडणसुद्धा राखून ठेवता येतं. बांगड्यांचे कल्ले लालभडक होते, तरी मी म्हटलं, "आज ताजे दिसत नाहीत."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवीत एक बांगडा जास्त टाकला. त्याचाही मला रागच आला.