मामांच्या पुढ्यातली परात

माझ्या बायकोचे मामा जगातल्या कुठल्याही जिवाकडे पाहताना तो आतून कसा असेल याचाच विचार करत असतात, आणि त्या जिवांत मीही आलो. मुलगी पाहायला मी करमाळ्याजवळच्या त्यांच्या वस्तीवर गेलो, तेव्हा पोह्यांच्या आधी मामा आले. डोक्याला पटका, अंगाला मेंढरांचा वास. नाव, शिक्षण, पगार काही विचारलं नाही. समोर उकिडवे बसले, अंगठ्याने माझी खालची पापणी ओढली आणि आतला रंग पाहून माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाले, "रगत कमी हाय. जंत असतील. पर हाड चांगलं हाय. द्या पोरगी." मेंढराचं रक्त कमी झालंय का, ते पापणीत असंच बघतात हे मला नंतर कळलं. लग्नाच्या आधी मी गुपचूप जंताची गोळी घेतली होती. बायकोला हे अजून माहीत नाही.

मामांची खरी विद्या मात्र कापलेल्या जनावराची. भावकीत कुठेही बोकड पडला, की काळीज, फुफ्फुस आणि तिल्ली परातीत घालून आधी मामांच्या पुढ्यात ठेवायची आणि त्यांनी 'व्हय' म्हटल्याशिवाय चूल पेटवायची नाही, अशी रीत. मामा उन्हाकडे तोंड करून बसतात. काळजाच्या कडेवरून अंगठा फिरवतात; कड धारदार हवी, बोथट नको. मग एक चीर देऊन दाबतात, पानासारखा चपटा किडा बाहेर येतोय का ते पाहायला. फुफ्फुस फासळीला चिकटलं होतं का, हे कापणाऱ्याला विचारतात आणि त्याच्या उत्तरावर विश्वास न ठेवता फासळी स्वतः चाचपतात. तोवर मांडवातली सगळी माणसं ताटकळत. एकदा आमचे साडू न राहवून म्हणाले, "मामा, भूक लागली की." मामांनी मान वर न करता उत्तर दिलं, "किड्यालाबी लागली व्हती. त्यो तुमच्या आदी जेवून बसलाय." त्या दिवशी साडू फक्त भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन उठले.

ही विद्या त्यांना वडिलांकडून मिळाली आणि वडील शिकले ते हरणांवर. शिकारीला बंदी नव्हती तेव्हा माळावर शिकारी यायचे, काळवीट पाडायचे आणि ते फाडायला मामांच्या वडिलांना हाक मारायचे. "बोकडाचं सोपं असतंय," मामा सांगतात, "खातंय का, खोकतंय का, मालकाला इचारता येतं. हरणाचं कुणाला इचारणार? पडायच्या आदी कसं पळत व्हतं ते ध्यानात ठिवायचं, मग आत बगायचं. गाठी सुजल्यात का, फासळीच्या आतनं मोत्यावानी दाणं हायत का, वास कसा येतोय." शिकार बंद झाली ते बरंच झालं, असं त्यांचं मत आहे, पण नजर काही बंद झाली नाही. एसटीच्या खिडकीतून कळप दिसला की ते कंडक्टरला सांगतात, "त्यो मागचा पाय उचलून टाकतोय, वाईच गाडी थांबवा." कंडक्टर थांबवत नाही. मामा पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत जातात. हरणाचा एक मोठा गुण ते नेहमी सांगतात, "त्याला मालक न्हाय. म्हंजी त्याच्यासाटी खोटं बोलणारंबी कुणी न्हाय."

हे वाक्य मला बोचतं. का, ते सांगण्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलो.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. तीन वर्षांपूर्वी मुलीला नोकरी लागली आणि नवसाचा बोकड घ्यायची वेळ आली. बायको म्हणाली, मामांना सोबत न्या. एवढं मलाही कळतं, अशा तोऱ्यात मी एकटाच बाजारात गेलो आणि घरी येऊन सांगितलं, "मामांना व्हिडिओवर दाखवला, चांगला आहे म्हणाले." जेवणाला चार दिवस राहिले असताना बोकडाने पाला सोडला. कुंभारीत आमच्या दारात मांडव पडलेला, दीडशे माणसांना आमंत्रणं गेलेली. ओळखीच्या डॉक्टरांनी त्याच्या मांडीत इंजेक्शन दिलं आणि निघताना बजावलं, "पंधरा दिवस कापू नका, औषध मटणात राहतं." मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी बोकड खायला लागला आणि मी घरात कुणाला काही बोललो नाही.

जेवणाच्या दिवशी सकाळी बायको मामांना म्हणाली, "तुम्ही पास केलेलाच बोकड आहे बरं का." मामांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. परातीतलं सगळं चोख निघालं. मी जरा सैल झालो, तेवढ्यात टांगलेल्या बोकडाच्या मांडीवरून फिरणारा त्यांचा अंगठा एका जागी थांबला. त्यांनी तिथे चीर दिली. आत लिंबाएवढी जागा पिवळसर, पाणी सुटलेली. ती त्यांनी हुंगली. "पावणं, हातावर पाणी घाला." मी तांब्या घेऊन वाकलो. तसं त्यांनी हळूच विचारलं, "सुई कवा दिली?"

"चार दिवस झाले."

मामांनी हात पटक्याला पुसले आणि उभे राहून सगळ्यांना सांगितलं, "बोकड बाद. मांडीत गाठ हाय. मला दाखवला व्हता, माजीच नजर चुकली."

बोकड पुरला. वाटलेला मसाला वाया जाऊ नये म्हणून कुंभारीतल्या सगळ्या दुकानांतली अंडी गोळा झाली. साडूंनी सात अंडी खाल्ली आणि असा बोकड वरचेवर बाद व्हावा, असा आशीर्वाद दिला. लोक हसत घरी गेले. हसले ते मामांना. मामाला मोतीबिंदू झालाय, मामाला आता शेळी आणि शेजारीण एकच दिसते, असं काहीबाही भावकीत सुरू झालं. मामा ऐकून घेत. मीही ऐकून घेत होतो.

यंदा करमाळ्यात मेहुण्याच्या घरी जेवण होतं. परात मामांकडे गेलीच नाही. मेहुण्याचा पुतण्या मोबाइलची बॅटरी मारून काळीज बघायला लागला. मामा लिंबाखाली बसले होते. हात रिकामे, पण अंगठा स्वतःच्या गुडघ्याच्या कडेवरून सावकाश फिरत होता.

मी उठलो, पुतण्यासमोरची परात उचलली आणि मामांपुढे उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "कुंभारीचा बोकड मामांनी आधी पाहिलाच नव्हता. मी खोटं बोललो होतो. गाठ सुईची होती, सुई मी द्यायला लावली आणि लपवलीही मीच."

बायको माझ्याकडे पाहत होती. त्याचा हिशेब घरी होणार हे उघड होतं. शेवटी साडू म्हणाले, "म्हंजी ती सात अंडी तुमच्यामुळं मिळाली व्हय? आणि आमी मामांचं आभार मानलं की." मांडव हसला.

मामा मात्र म्हणाले, "बसा खाली, पावणं. काळजावर सावली पडतीया तुमची."

मी बसलो. मामांनी काळीज उचललं, कडेवरून अंगठा फिरवला, उन्हात धरलं, डोळ्यांजवळ आणलं, पुन्हा लांब नेलं. मग माझ्याकडे न बघता, फक्त मलाच ऐकू येईल एवढ्या आवाजात विचारलं, "कडंला पांढरं काय दिसतंय का?"

मी पाहिलं. "आहे. तिळाएवढा ठिपका."

"येकच?"

मी परात जवळ ओढली आणि पुन्हा पाहिलं. या वेळी घाई केली नाही.

"दोन आहेत, मामा."

मी बोट ठेवलं तेवढा तुकडा त्यांनी कापून बाजूला टाकला, मान वर केली आणि पूर्वीच्याच खणखणीत आवाजात चूल पेटवायला सांगितलं.